पाप नाही, पाणी

कालव्याचा पूल आला की ते ए.सी. बंद करायचे.

बाहेर चैत्राचे ऊन असो, मागे बसलेला माणूस घामाने निथळत असो, कोणी विनवणी करो की रागावो. त्यांचा डावा हात पुढे जायचा, बटण टक्कन दाबले जायचे, पंखा मात्र भणभणत राहायचा. आधी गार, मग कोमट, मग चक्क गरम वारा तोंडावर यायचा. कोणी ‘अहो अण्णा’ म्हणून तोंड उघडले की उत्तर तयार असे.

‘‘घर आलं. वाळू दे आता.’’

काय वाळू दे, असे विचारणाऱ्याकडे ते आरशातून बघायचे. शाळेत नापास झालेल्या पण स्वभावाने बऱ्या असलेल्या मुलाकडे मास्तर बघतात तसे.

तंजावरहून वल्लमकडे जाणाऱ्या रस्त्याला, एका चिंचेखाली, त्यांची पत्र्याची शेड होती. मोटारींच्या ए.सी.ची दुरुस्ती, एवढेच काम. वय साठीचे. लुंगी गुडघ्यापर्यंत दुमडलेली, खांद्यावर टॉवेल, आणि केस इतके काळेभोर की दर भेटीत नव्याने दचकायला व्हावे. संकोच हा प्रकार त्यांच्या स्वभावात नव्हता. ‘‘त्रिचीपासून नागपट्टणमपर्यंत कुणालाही विचारा,’’ अशी बोलण्याची सुरुवात आणि ‘‘माझ्यासारखा नाही,’’ हा शेवट. मधले गिऱ्हाइकाने भरून घ्यायचे. त्यांना फोन केला की ‘‘इदो, वंदुट्टेन,’’ म्हणजे ‘हा काय, आलोच,’ असे म्हणायचे, आणि मागे त्यांच्या न्हाणीघरात बादलीत पाणी पडत असल्याचा आवाज यायचा.

त्यांचे नाव मी लिहीत नाही. ते असते तर म्हणाले असते, लिहा सार, फोटोपण छापा. आमच्याकडे मोठ्या माणसाला अण्णा म्हणतात, तेवढे पुरे.

मी कसा आहे, तेही सांगायला हवे, नाहीतर त्यांचे एक वाक्य तुम्हाला कळणार नाही. शेजारच्या घरात भांडे पडले तरी आपलाच धक्का लागला असेल, असे वाटणारा मी माणूस आहे. पाऊस पडला नाही तरी मला ओशाळल्यासारखे होते. अशी माणसे तुमच्याही ओळखीत असतील. त्यांच्या घरच्यांना विचारा, त्यांच्याबरोबर राहणे फार कठीण असते.

आमची ओळख झाली त्या वर्षी आईच्या गळ्यातली गाठ काढली. पुढे किरणांचे उपचार होते, त्रिचीला, शनिवार-रविवार सोडून रोज. डॉक्टरांनी निक्षून सांगितले होते, मधे खंड पडता कामा नये. घरात गाडी होती, मुलगा होता. अडचण कसली? पण पहिल्याच आठवड्यात सेंगिपट्टीच्या पुढे आईने मला गाडी थांबवायला लावली, दार उघडले आणि रस्त्याच्या कडेला वाकून ओकली. ओकण्याचे कारण किरण नव्हते. कारण माझी गाडी होती.

‘‘कुबट वास येऊलाला,’’ ती म्हणाली. वास येतोय, हे आमचे तंजावरी मराठी असे सांगते. ‘‘ए.सी. लावलास की येऊलाला. भिजलेलं पोतं तोंडावर टाकल्यासारखं होतं मला.’’

मला काही येत नव्हते. मी रोज त्याच गाडीत बसणारा. काचा उघड्या ठेवून पाहिल्या, तर रस्त्याची धूळ आणि तापलेला वारा तिच्या गळ्याच्या भाजल्यासारख्या झालेल्या कातडीवर बसे. भाड्याच्या गाड्यांत अत्तराचा भपका. मग मीही अत्तराची बाटली आणून आरशाला टांगली.

‘‘वा,’’ आई म्हणाली. ‘‘आंघोळ न केलेल्याला पावडर लावलीस.’’

जिथे गाडी नेहमी दुरुस्तीला जायची तिथे त्यांनी पंख्याच्या जाळीतून फेस मारून दिला. वास थोडे दिवस दबला आणि दुप्पट होऊन आला. मग एका सकाळी मी चहा घेऊन गेलो, तर आई साडी बदलायला उठलीच नव्हती.

‘‘मी त्या पेटीत बसणार नाही,’’ ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. ‘‘जे व्हायचं ते माझ्या घरात होऊ दे. माझ्या घराचा वास तरी चांगला आहे.’’

त्या दिवशी ती गेली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. हॉस्पिटलातून फोन आला, आणि मी इथे तिथे विचारत चिंचेखालच्या शेडपाशी पोचलो.

इथे माझी फजिती झाली. आमची घरे या गावात कित्येक पिढ्यांची. आत मराठी, दारात तमिळ, कचेरीत दोन्हींची खिचडी. तमिळ मला मातृभाषेइतकेच येते. पण माणूस घाबरला की त्याच्या तोंडून आतल्या खोलीतले शब्द बाहेर पडतात. घरी आम्ही ‘वास येतो’ म्हणतो ते तक्रारीनेच. तोच शब्द घाईत तमिळमध्ये ओढून मी म्हणालो, ‘‘अण्णे, वंडिले वासनै वरुदु.’’

तमिळमध्ये वासनै म्हणजे सुगंध. नुसता सुगंध. वाईट वासाला ‘नात्तम’ म्हणतात. मी कपाळाला आठ्या घालून, रडवेल्या आवाजात, त्यांना सांगत होतो की माझ्या गाडीत सुगंध दरवळतोय.

अण्णांनी हातातला पाना खाली ठेवला. ‘‘मग काय करू, सार? बंद करू? लोक त्यासाठी बाटल्या विकत घेतात.’’

मी गडबडून चूक सुधारायला लागलो. ते माझ्याकडे बघत राहिले आणि एकदम मराठीत म्हणाले, ‘‘रायरांच्या घरचे तुम्ही? माझी आजी पण असंच म्हणायची. ‘ड्रेनेजमधून वासना येते.’ सगळी गल्ली हसायची.’’ इथल्या मराठी लोकांना तमिळ माणसे रायर म्हणतात.

त्यांचे मराठी एवढेच, आजीने मागे ठेवलेले. स्वयंपाकघरातले शब्द, देवघरातले चार आणि शिव्या भरपूर; बाकी सगळे बोलणे तमिळमधून. पण त्या दिवसापासून ‘वासना की नात्तम?’ हा त्यांचा आमच्या घरचा परवलीचा शब्द झाला. (पुण्याहून आलेल्या आमच्या एका भाच्याने आईला ‘‘गाडीत आज वासना आहे का रे?’’ असे मोठ्याने विचारताना ऐकले आणि तो जेवण होईपर्यंत मान वर करेना. तुमच्याकडे त्या शब्दाचे काय होते, ते आम्हाला तेव्हा कळले.)

अण्णांनी दार उघडले, पंख्याच्या जाळीशी नाक नेले, डोळे मिटले आणि देवासमोर उभे राहावे तसा खोल श्वास घेतला. मग गंभीरपणे मान हलवली.

‘‘एली,’’ ते म्हणाले. उंदीर. ‘‘आत मेलाय. शंकाच नको.’’

संध्याकाळपर्यंत गाडीचा अर्धा दर्शनी भाग चिंचेखाली पसरला होता. उंदीर सापडला नाही. एक कंगवा सापडला. अण्णांनी तो माझ्या हातात ठेवला, माझ्या टकलाकडे एकदा पाहिले आणि म्हणाले, ‘‘जुनी गाडी आहे.’’

मग त्यांनी मला समोर बसवले. ‘‘नीट सांगा. वास कसला? कशासारखा?’’

‘‘घाण.’’

‘‘कसली घाण? मातीची, चामड्याची, आंबलेली, सडलेली?’’

‘‘ओली,’’ मी म्हणालो.

‘‘तुम्ही त्यात मुरलेलं लोणचं आहात, सार. तुम्हाला काय विचारायचं? जिला त्रास होतो तिला विचारायला पाहिजे. अम्मा कुठे आहेत?’’

सकाळी ते घरी आले. म्हणजे अकराच्या सुमाराला, दोनदा ‘इदो वंदुट्टेन’ म्हणून झाल्यावर. गाडी दारातल्या कडुनिंबाखाली उभी होती. आई खोलीतून बाहेर येईना. अण्णांनी कॉफी मागितली आणि पुन्हा आपली ती पूजा सुरू केली. जाळीशी नाक, मिटलेले डोळे, लांब श्वास. ‘‘बुरशी,’’ ते डोळे न उघडता म्हणाले. ‘‘हलकी. डाव्या बाजूची.’’

तेवढ्यात स्वयंपाकघरात दूध उतू गेले आणि करपले. कसे करपले म्हणून सांगू! समोरच्या घरातले निवृत्त मास्तर खिडकीतून ‘‘कोणाचं जळतंय?’’ म्हणाले. मी आत धावलो. गॅस बंद करून बाहेर येतो, तर आई दारात उभी होती, गळ्याला मऊ पंचा गुंडाळलेला, आणि अण्णांकडे टक लावून बघत होती. त्यांचे नाक अजून जाळीशीच होते. डोळे मिटलेले, मुद्रा प्रसन्न.

‘‘अरे,’’ आई म्हणाली. ‘‘तुला दूध करपलेलं कळलं नाही?’’

अण्णांनी डोळे उघडले. ‘‘कुठलं दूध, अम्मा?’’

आई दाराबाहेरच्या ओट्यावर बसली. ‘‘तुझं नाक गेलंय.’’

ते गाडीच्या उंबऱ्यावर, पाय बाहेर सोडून, खाली बसले. तापाच्या साथीत गेले, म्हणाले. सगळ्यांचे परत आले, त्यांचे आले नाही. ए.सी.वाल्याला वास येत नाही हे कळले तर शेडपाशी कोण गाडी आणेल? म्हणून ते गिऱ्हाइकाचे तोंड बघून ठरवायचे. नाक फार आक्रसले तर उंदीर. थोडे आक्रसले तर बुरशी.

‘‘कुणाला सांगू नका, अम्मा.’’

‘‘मी कुणाला सांगू? मी कुठे जातेय?’’ आई म्हणाली. मग जरा थांबून, अगदी तिच्या जुन्या आवाजात, ‘‘माझं नाक घे. गळा नाही चांगला, पण नाक शाबूत आहे. एक एक वस्तू काढ आणि इकडे आण.’’

मी तिला प्लास्टिकची खुर्ची आणून दिली. आणि मग त्या दोघांचे जे चालले ते मी ओट्यावरून पाहिले.

अण्णांनी सामानाच्या कप्प्यामागची हवेची जाळी काढून आणली आणि हातभर लांब धरली.

‘‘वासना की नात्तम?’’

‘‘धूळ,’’ आई म्हणाली. ‘‘जुनी, कोरडी. ही नाही.’’

पायाखालची रबरी चटई आली. ‘‘चपला. ह्याच्या,’’ माझ्याकडे बोट.

चटईखालचा गालिचा आला, तो ओला होता. अण्णा खूश झाले. ‘‘हाच, अम्मा! हाच चोर!’’

आईने नाक जवळ नेले, मागे घेतले. ‘‘हा शेजारी आहे. घरमालक दुसरा कुणीतरी. ह्याला त्याचा वास लागलाय.’’

अण्णांनी मग बॉनेट उघडले आणि समोरच्या काचेखालची, वायपरजवळची जाळी काढली. बाहेरची हवा आत जाते ती वाट. तिच्यात हात घालून त्यांनी काळा, चिकट लगदा बाहेर काढला आणि तळहातावर घेऊन आले. मी ओट्यावर मागे सरकलो. आई मात्र पुढे वाकली. डोळे मिटले. खरेखुरे मिटले.

‘‘वेप्पम्पू,’’ ती म्हणाली.

वेप्पम्पू म्हणजे कडुनिंबाचा फुलोरा. तुमच्याकडे पाडव्याला चिमूटभर खाऊन तोंड वाकडे करतात. आमच्याकडे तो मोसमात चादरीवर गोळा करून, वाळवून, वर्षभर रसमात घालतात.

‘‘ओला असताना झाकण लावलेला वेप्पम्पू,’’ आई म्हणाली. ‘‘हा वास मी ओळखते. लग्नाच्या पहिल्या वर्षी मीच केला होता. हाताला कोरडा लागला म्हणून डब्यात भरला. महिन्याने सासूबाईंनी पाहुण्यांसमोर डबा उघडला...’’ आणि ती हसायला लागली. गळा दुखत होता, म्हणून पंचा धरून हसत होती. ‘‘पाहुणे जेवले नाहीत रे! मामंजी म्हणाले, सून चांगली आहे, पण डबा घराबाहेर ठेवा.’’

ऑपरेशन झाल्यापासून तिला हसताना मी ऐकले नव्हते.

आता अण्णांच्या डोक्यात सगळे जुळले. फुलोरा आत पडत राहिला, पंख्याकडे गेला, ए.सी.चे पाणी जाण्याची जी बारीक नळी असते तिच्यात अडकला. पाणी बाहेर जायचे थांबले आणि आतच साठत राहिले. ते लुंगी आवळून गाडीखाली शिरले, सायकलच्या ब्रेकची तार त्या नळीत घातली, ढोसली, फिरवली. आणि एकदम घळकन काळ्या पाण्याची धार सुटली, थेट दारातल्या रांगोळीवर.

‘‘तण्णी!’’ अण्णा गाडीखालून ओरडले. ‘‘अम्मा, तण्णी!’’

तण्णी म्हणजे पाणी. पण इथे दारूलाही तण्णीच म्हणतात. समोरचे मास्तर पुन्हा खिडकीत आले. ‘‘काय हो, रायर, दिवसाढवळ्या?’’

सगळे हसत होते. आणि माझ्या आत ते नेहमीचे सुरू झाले. या झाडाखाली सावली म्हणून गाडी मीच लावत होतो. गाडी तिथे उभी राहायला लागल्यापासून आईची चादर तिथे अंथरली गेली नव्हती. आणि ती वास येतो म्हणाली तेव्हा तुझ्या मनाचे खेळ आहेत, असेही मी एकदा म्हणालो होतो. मी हे सगळे अण्णांना सांगायला लागलो. ते गाडीखालून सरपटत बाहेर आले, काळ्याभोर केसांना पांढरी फुले चिकटलेली. टॉवेलने हात पुसत त्यांनी माझे निम्मे ऐकले.

‘‘तप्पु इल्लै सार,’’ ते म्हणाले. ‘‘तण्णी.’’ तप्पु म्हणजे दोष, चूक. मग माझी समजूत पटली नाही असे पाहून त्यांनी आजीच्या भाषेतही सांगितले. ‘‘पाप नाही, पाणी. पाण्याला वाट दिली, ते गेलं. आता अजून काय?’’

हे ते वाक्य. पुढे ते त्यांनी मला इतक्यांदा ऐकवले की मी तोंड उघडायच्या आधीच त्यांचा हात वर व्हायचा. मी म्हणायचो, ‘‘अण्णे, मी त्या दिवशी...’’ आणि ते म्हणायचे, ‘‘पाणी, सार, पाणी.’’

त्यांनी ए.सी.चा गाभा धुतला, नळ्या धुतल्या, नवी जाळी आणली. गालिचा गच्चीवर आईच्या वडामांशेजारी उन्हात पडला. तांदळाचे ते पापड वाळत घालायचेही आईने बंद केले होते. गालिच्याला ऊन द्यायला म्हणून ती वर गेली आणि शेजारची जागा रिकामी बघवेना म्हणून पीठ शिजवून घेतले.

शनिवारी संध्याकाळी अण्णा सगळे परत बसवायला निघाले. आईने गालिच्याचा कोपरा दोन बोटांत धरला.

‘‘ओला आहे.’’

‘‘वाळलाय, अम्मा. हे बघा, हात.’’

‘‘हाताला कोरडाच लागतो. मलाही लागला होता. डबा आठव.’’

‘‘अम्मा, माझ्या शेडला तीन गाड्या उभ्या आहेत. मी म्हणतो आत्ता लावू.’’

‘‘आणि नाक कुणाचं आहे? तुझं की माझं? वाळल्याशिवाय झाकण लावायचं नाही. उद्या दिवसभर ऊन खाऊ दे. परवा पहाटे येऊन लाव. आणि पहाटे म्हणजे पहाटे, ते वंदुट्टेन-बिंदुट्टेन नको. सोमवारी मला त्रिचीला जायचंय.’’

मी जिन्यात उभा होतो. मी काहीतरी बोलणार होतो. आनंदाने, की क्षमा मागायला, मलाच माहीत नाही. अण्णांनी आईच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहिले आणि ओठांवर बोट ठेवले. मग वळून अगदी कुरकुरत म्हणाले, ‘‘बरं. सोमवार. माझं कोण ऐकतंय?’’

सोमवारी ते खरोखर पहाटे आले. त्यांच्या घरच्यांनाही आश्चर्य वाटले असणार. गालिचा बसवून झाल्यावर चावी मला देईनात. स्वतःच चालवायला बसले. ‘‘अम्मांचे उपचार तुम्ही बघा. गाडीचे उपचार अजून चालू आहेत. मला रस्त्यावर बघायला पाहिजे.’’ तसे ते उपचार संपेपर्यंत, मला रजा मिळायची नाही त्या प्रत्येक दिवशी, बघत राहिले. सकाळी शेडला गिऱ्हाईक नसतेच, म्हणायचे. हे खरे नव्हते, ते मी जाता-येता पाहत होतो.

पहिल्या दिवशी सेंगिपट्टी आली. मी मागे आईशेजारी, मांडीवर टॉवेल आणि पिशवी घेऊन. आईने काचेबाहेर पाहिले. सेंगिपट्टी गेली. ती म्हणाली, ‘‘एवढ्यात गेलं होय गाव?’’ आणि डोळे मिटून झोपली.

परतताना कालव्याचा पूल आला आणि त्यांनी पहिल्यांदा ए.सी. बंद केला. पंखा चालूच. आई गरमीने जागी झाली आणि चिडली.

‘‘तुमचाच कायदा, अम्मा,’’ अण्णा म्हणाले. ‘‘गाभा ओला असतो. घरी जाऊन तसाच बंद केला की झाकण लागलं. आता वाळू दे.’’

पुढे मी पाहिले, शेडमधल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते हेच सांगायचे. आधीही सांगत असतील, पण आता त्याला डब्याची गोष्ट जोडली होती. एका तंजावरच्या सुनेची गोष्ट. दर वेळी पाहुण्यांची संख्या वाढत जायची. शेवटी शेवटी एक कलेक्टरही न जेवता उठला होता.

शेवटच्या उपचाराच्या दिवशी आई पिशवीत काहीतरी घेऊन आली. परत आल्यावर तिने दारे आणि काचा लावायला लावल्या, आणि अण्णांच्या मागे बसून पिशवीतून डबा काढला. त्या मोसमात तिने गोळा केलेला, गच्चीवर कडकडीत वाळवलेला वेप्पम्पू. गाडी तेव्हापासून मी उन्हातच लावतो, आणि झाडाखाली चादर असते.

‘‘डोळे मीट. सांग. वासना की नात्तम?’’

अण्णांनी डोळे मिटले. आईने मागून उघडा डबा त्यांच्या नाकाखाली धरला, त्यांनी लांब श्वास घेतला. आम्ही दोघे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. त्यांनी आणखी एकदा श्वास घेतला.

‘‘कडू,’’ ते म्हणाले. ‘‘कडू वासना.’’

‘‘आलं का रे? खरंच आलं?’’

‘‘आलं, अम्मा.’’

आईने त्यांच्या पाठीत धपका घातला आणि तो डबा त्यांनाच दिला. घरात शिरताना ती मला म्हणाली, ‘‘बघ. माझं काम झालं, त्याचंही झालं.’’ त्यांनी डबा आधी पाहिला होता का, हे मी आठवून पाहत राहिलो. आरसा त्यांच्यासमोरच होता.

आई बरी झाली. आवाज जरा बसका राहिला, पण त्याचे कुणाला काही वाटत नाही, रागावताना तो पूर्ववत होतो. अण्णा अधूनमधून यायचे, गाडीचे बॉनेट उघडायचे, आईची कॉफी घ्यायचे. मग यायचे थांबले. पोंगलनंतर दोन महिन्यांनी कचेरीतल्या एकाने सांगितले, चिंचेखालची शेड बंद आहे, अण्णा झोपेतच गेले. मी ऐकले तेव्हा ते जाऊनही बरेच दिवस झाले होते.

तिरुवैयारूच्या अलीकडे, कालव्याच्या कडेला त्यांचे घर. मी आईला घेऊन गेलो. त्यांच्या मुलीने चटई घातली, पाणी आणले. आईला पाहून म्हणाली, ‘‘तुम्हीच नाकवाल्या अम्मा ना?’’ आणि आत जाऊन तो डबा घेऊन आली. तो अजून अर्ध्याच्या वर भरलेला होता.

‘‘अप्पा रसमात घालू देत नव्हते,’’ ती म्हणाली. ‘‘रोज सकाळी उठले की झाकण काढायचे, नाकाशी धरायचे, झाकण लावून फळीवर ठेवायचे. आम्ही विचारायचो, अप्पा, काही येतंय का? म्हणायचे, येईल. आतली ओल गेली की येईल.’’

आईने डबा हातात घेतला. झाकण काढले, वास घेतला, झाकण घट्ट लावले आणि मुलीला परत दिला. ‘‘घाल रसमात,’’ ती म्हणाली. ‘‘चांगला आहे अजून.’’

परतताना ती पुढे, माझ्या शेजारी बसली. दोन्हीकडे भाताची हिरवी शेते, नारळ, कालव्यावर कपडे धुणाऱ्या बायका.

‘‘लबाड,’’ ती एकदम म्हणाली. ‘‘आलं म्हणाला.’’

‘‘आई, मी तेव्हाच...’’ मी सुरू केले. तेव्हाच मला शंका आली होती, मी त्यांना डॉक्टरकडे न्यायला हवे होते, एकदा तरी विचारायला हवे होते. हे सगळे माझ्या तोंडात आले आणि तिने हात वर केला. अगदी त्यांच्यासारखा.

‘‘पाणी,’’ ती म्हणाली.

कालव्याचा पूल आला. मी ए.सी. बंद केला. पंखा चालू ठेवला. आधी गार, मग कोमट, मग गरम वारा यायला लागला. आईचा चेहरा ओला होता. ती तो पुसत नव्हती. जाळी तिने आपल्याकडे वळवून घेतली आणि वाऱ्यासमोर डोळे मिटले.

आमची गल्ली आली. दारात कडुनिंब, खाली अंथरलेली चादर. मी गाडी थांबवली नाही. आणखी एक फेरी मारून येऊ म्हणून सरळ पुढे घेतली, आणि आईनेही, कुठे चाललास, असे विचारले नाही.